'तुम्ही रेसिस्ट आहात' म्हटल्यावर वाद कुठे जातो?

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल किंवा भांडी घासताना एका कानात इअरफोन असेल, सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवलीय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.

आजचा विषय जरा तापलेला आहे. राजकीय वाद चाललाय. कर, आरोग्य, स्थलांतर, पोलीस, काहीही विषय असू दे. मध्येच एक जण म्हणतो, "तुमचा विरोध धोरणाला नाहीच. तुमच्या मनात वर्णद्वेष आहे." किंवा तेच जरा सभ्य शब्दांत, "तुम्हाला कळत नसेल, पण तुमच्यात अनकॉन्शस बायस आहे." अनकॉन्शस बायस म्हणजे स्वतःच्याही नकळत मनात बसलेला पूर्वग्रह.

यानंतर मूळ विषयावर कुणी बोलत नाही. ज्याच्यावर आरोप झाला तो स्वतःच्या चारित्र्याची साक्ष काढत बसतो. ज्याने केला तो पुरावे गोळा करत बसतो. आणि बाकीचे स्क्रीनशॉट काढतात.

अडचण अशी, की असा आरोप कधीकधी शंभर टक्के खरा असतो. कधी साफ खोटा असतो. आणि बऱ्याचदा तो खरा की खोटा हे ठरवायला हातात काहीच नसतं. मग आरोप करायचाच नाही का? की बिनधास्त करायचा? आज आपण हे अमेरिकेतल्या एका प्रसंगावरून समजून घेऊ. त्यात हे सगळे प्रकार एकाच वेळी दिसतात.

दोन शब्दांची आरोळी

तारीख ९ सप्टेंबर २००९. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष होऊन आठ महिनेही झालेले नाहीत. संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत ते आरोग्य विम्याच्या सुधारणांवर भाषण करतायत. ते सांगतात, की आमच्या योजनेचा फायदा बेकायदा स्थलांतरितांना मिळणार नाही. तेवढ्यात बाकांवरून एक आवाज येतो, "यू लाय!" खोटं बोलताय!

ओरडणारे होते साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन खासदार जो विल्सन. संसदेत राष्ट्राध्यक्ष भाषण करत असताना एखाद्या खासदाराने त्यांना असं तोंडावर खोटारडं ठरवणं ही तिथे फार दुर्मीळ गोष्ट. विल्सन यांनी त्याच रात्री व्हाइट हाउसला फोन करून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी ओबामांनी ती स्वीकारलीसुद्धा. पण प्रकरण तिथे थांबलं नाही.

काही दिवसांत 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या स्तंभलेखिका मॉरीन डाउड यांनी लिहिलं, की त्या आरोळीत आपल्याला एक न उच्चारलेला शब्द ऐकू आला. तो शब्द म्हणजे 'बॉय'.

हे आपल्याला मराठीत चटकन समजतं. इंग्रजीत 'यू' एकच. त्यात तू आहे की तुम्ही, हे शब्दावरून कळत नाही. मराठीत मात्र भाषांतर करणाऱ्याला ठरवावंच लागतं. विल्सन काय म्हणाले? "तुम्ही खोटं बोलताय", की "खोटं बोलतोस"? अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक साठी ओलांडलेल्या काळ्या माणसालाही 'बॉय' म्हणून हाक मारायचे. आपल्याकडे गावात वरच्या जातीतलं शेंबडं पोरसुद्धा दलित म्हाताऱ्याला अरे-तुरे करायचं, त्याच जातीची ती हाक. डाउड यांचं म्हणणं थोडक्यात असं, की समोर गोरा राष्ट्राध्यक्ष असता तर विल्सन यांच्या तोंडून ते शब्द निघाले नसते.

१५ सप्टेंबरला माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर टीव्हीवरच्या मुलाखतीत आणखी पुढे गेले. ओबामांविरुद्ध जो तीव्र राग उघडपणे दिसतोय, त्यातला बहुतांश भाग ते काळे असल्यामुळे आहे, असं त्यांनी सांगितलं. कार्टर स्वतः जॉर्जियाचे, म्हणजे दक्षिणेतलेच गोरे. तिथलं वातावरण त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होतं.

आता बघा, आठवड्याभरात गाडी कुठून कुठे गेली. कोट्यवधी लोकांना आरोग्य विमा कसा मिळणार, या प्रश्नावरून ती थेट 'विल्सन यांच्या मनात काय होतं' इथे येऊन थांबली.

संशयाला जागा होती का?

होती. आणि ती नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

२००० साली साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनाच्या घुमटावरून कॉन्फेडरेट झेंडा उतरवायचा ठराव आला, तेव्हा राज्याच्या सिनेटमध्ये असलेल्या विल्सन यांनी विरोधात मत दिलं होतं. कॉन्फेडरेट झेंडा म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी यादवी युद्ध लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा झेंडा. त्याच २००९ मध्ये ओबामाविरोधी निदर्शनांत एक चित्र फिरत होतं. नाकात हाड खुपसलेला, पिसांचा मुकुट घातलेला आफ्रिकी मांत्रिक आणि त्याला ओबामांचा चेहरा. हे चित्र वर्णद्वेषी आहे का, यासाठी कुणाच्या मनात डोकावायची गरज नाही. चित्रच सगळं बोलतं.

जन्मदाखल्याचं प्रकरण त्याहून बोलकं. ओबामांचा जन्म हवाईचा. तरी ते अमेरिकेत जन्मलेलेच नाहीत, म्हणून अध्यक्षपदाला पात्र नाहीत, अशी आवई वर्षानुवर्षं चालली. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी व्हाइट हाउसला त्यांच्या जन्माचा सविस्तर दाखला जाहीर करावा लागला. आता यासमोर दुसरं नाव ठेवा. २००८ च्या निवडणुकीत ओबामांसमोर उभे होते जॉन मॅकेन. मॅकेन यांचा जन्म खरोखरच अमेरिकेच्या राज्यांबाहेरचा, पनामा कालव्याच्या पट्ट्यातला. प्रश्न त्यांच्याबद्दलही विचारला गेला. पण एप्रिल २००८ मध्ये सिनेटने एकमताने ठराव करून ते पात्र असल्याचं सांगितलं, आणि विषय जवळपास तिथेच संपला. त्या ठरावाच्या सहप्रस्तावकांमध्ये खुद्द ओबामाही होते! एकाचा प्रश्न एका ठरावात मिटला, दुसऱ्याचा दाखला दाखवूनही पूर्ण मिटला नाही. हा फरक लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आणि दुसरी बाजू?

तीही तितकीच भक्कम आहे. १९९३ मध्ये बिल क्लिंटन यांनी आरोग्य विम्याची मोठी योजना आणली. क्लिंटन गोरे, दक्षिणेतले. रिपब्लिकन पक्षाने आणि विमा कंपन्यांनी त्या योजनेला इतका कडवा विरोध केला, की पुढच्या वर्षी ती गुंडाळावी लागली. म्हणजे सरकारी आरोग्य योजनेला अमेरिकेतल्या उजव्या बाजूचा विरोध हा ओबामांच्या रंगाने जन्माला आलेला नव्हता. तो आधीपासूनचा आहे आणि त्यामागे एक विचार आहे. सरकार लहान असावं, कर कमी असावेत, विमा बाजारावर सोडावा. हा विचार तुम्हाला पटो न पटो, तो काळ्या माणसाचा द्वेष न करताही बाळगता येतो.

सभागृहातली आरडाओरड म्हणाल, तर २००५ मध्ये जॉर्ज बुश यांनी पेन्शनच्या सुधारणांवर बोलताना डेमोक्रॅट खासदारांनी त्यांची हुर्यो उडवली होती. 'खोटारडे' म्हणण्याइतकं ते टोकाचं नव्हतं, पण पायंडा अगदीच कोरा नव्हता.

स्वतः ओबामा काय म्हणाले? कार्टर यांच्याशी ते सहमत झाले नाहीत. माझ्या रंगामुळे मला नापसंत करणारे लोक आहेत, पण या वादात मुख्य गोष्ट ती नाही, सरकारने किती हस्तक्षेप करावा हा जुनाच झगडा आहे, अशा अर्थाचं ते मुलाखतींत बोलले. डेव्हिड लेटरमन यांच्या कार्यक्रमात त्यांनी ते हसण्यावारी नेलं. निवडणुकीच्या आधीही मी काळाच होतो बरं का, असं ते म्हणाले. त्यात राजकीय हिशेबही असणार. ज्यांची मतं हवीत त्यांना वर्णद्वेषी म्हणून मतं मिळत नाहीत. पण हिशेब असला म्हणून मुद्दा चुकीचा ठरत नाही.

मग खरं कोण? कार्टर की ओबामा?

मंडळी, आजच्या भागाचा गाभा इथे आहे. आपण एक प्रश्न समजून दोन वेगळे प्रश्न विचारतोय.

पहिला प्रश्न समूहाचा. ओबामांच्या योजनेबद्दल लाखो लोकांची जी मतं बनली, त्यात वंशाबद्दलच्या भावनांचा काही वाटा होता का?

दुसरा प्रश्न एका माणसाचा. हा जो समोरचा माणूस विरोध करतोय, तो वर्णद्वेषामुळे करतोय का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधता येतं. मायकल टेस्लर या राज्यशास्त्रज्ञाने ते शोधलं आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याने क्लिंटन यांच्या काळातली आणि ओबामांच्या काळातली जनमताची आकडेवारी ताडून पाहिली. शिवाय एक प्रयोग केला. काही लोकांना आरोग्य धोरणाची माहिती देताना ते ओबामांचं म्हणून सांगितलं, काहींना क्लिंटन यांचं म्हणून. दिसलं असं, की काळ्या लोकांबद्दलची मतं आणि आरोग्य धोरणाबद्दलची मतं यांचा संबंध ओबामांचं नाव जोडल्यावर जास्त घट्ट होतो. म्हणजे समूहाच्या पातळीवर कार्टर यांच्या संशयात तथ्य होतं. निदान काही प्रमाणात.

पण यावरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. साधं उदाहरण घ्या. शहरात डेंग्यूची साथ आहे, हे महापालिकेच्या आकड्यांवरून कळतं. म्हणून शेजारच्या काकांना ताप आला की तो डेंग्यूच, असं डॉक्टर म्हणत नाहीत. ते रक्त तपासायला सांगतात. साथ खरी आहे. काकांचा ताप मलेरियाचा असू शकतो, नुसता व्हायरल असू शकतो.

आता तुम्ही म्हणाल, मग पूर्वग्रहाचीही अशी रक्ततपासणी असेल ना?

मन तपासायचं यंत्र

तसा प्रयत्न झाला. १९९८ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट' नावाची चाचणी मांडली. तिचा इंटरनेटवर प्रसार करणाऱ्यांत ग्रीनवाल्ड यांच्यासोबत होत्या महझरीन बानाजी. मूळच्या सिकंदराबादच्या, पुढे हार्वर्डच्या प्राध्यापक.

चाचणी मोबाइल गेमसारखी असते. स्क्रीनवर भराभर चेहरे आणि शब्द येतात. एका फेरीत गोरे चेहरे आणि चांगले शब्द यांना एकच बटण, काळे चेहरे आणि वाईट शब्द यांना दुसरं. पुढच्या फेरीत जोड्या उलट. कोणत्या फेरीत तुमचं बोट अडखळतं, किती मिलिसेकंद जास्त लागतात, हे मोजलं जातं. काळे चेहरे आणि चांगले शब्द एकत्र करताना वेळ जास्त लागला, तर तुमच्या मनात त्यांची जोडी सैल आहे असा अर्थ लावतात. स्वतःला समतावादी मानणाऱ्या अनेकांचे निकालही तसेच येतात. म्हणून ही चाचणी जगभर गाजली.

पण दोन अडचणी आहेत. एक, त्याच माणसाने थोड्या दिवसांनी पुन्हा चाचणी दिली तर निकाल बराच बदलू शकतो. दोन, या निकालावरून तो माणूस प्रत्यक्षात कसा वागेल याचा अंदाज फार कमकुवत येतो. २०१९ मध्ये ४९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चाचणीतले आकडे उपायांनी थोडेफार हलवता येतात, पण त्यामुळे लोकांचं वागणं बदलतं असा आधार त्यात सापडला नाही. आणि चाचणीच्या कर्त्यांनी स्वतःच सांगितलंय, की एकेका माणसावर शिक्का मारण्यासाठी ती वापरणं योग्य नाही.

म्हणजे साथ मोजता येते, पण काकांचं रक्त तपासणारी भरवशाची लॅब अजून उघडलेली नाही. तरी राजकारणात मात्र सगळे रिपोर्ट हातात असल्यासारखे बोलतात.

एक बोलला सर्दी, दुसऱ्याने ऐकलं चोरी

२०१६ च्या निवडणुकीत हा शब्द थेट अध्यक्षीय वादसभेत आला. २६ सप्टेंबरला निवेदकाने हिलरी क्लिंटन यांना विचारलं, की पोलिसांच्या मनात काळ्या लोकांबद्दल असा नकळतचा पूर्वग्रह असतो का. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता, की ही अडचण फक्त पोलिसांची नाही, सगळ्यांचीच आहे. आठवड्याभराने उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादसभेत माइक पेन्स उसळले. पोलिसांवर असे आरोप करणं पुरे झालं, असा त्यांचा रोख. शार्लट शहरात तेव्हा नुकताच पोलिसांच्या गोळीने एका काळ्या माणसाचा मृत्यू झाला होता. गोळी झाडणारा पोलीसही काळाच होता, याकडे पेन्स यांनी बोट दाखवलं.

बघा हं. क्लिंटन 'पूर्वग्रह' हा शब्द सर्दीसारखा वापरत होत्या. कुणालाही होते, त्यात लाज नाही, उपाय करूया. पेन्स यांना तो चोरीसारखा ऐकू आला. तुम्ही आमच्या पोलिसांना चोर म्हणताय! खरं तर संशोधकांच्या मते असा पूर्वग्रह काळ्या पोलिसाच्या मनातही असू शकतो, त्यामुळे पेन्स यांचं उदाहरण त्या कल्पनेला खोडत नाही. पण त्यांचा राग निव्वळ नाटक होता असंही म्हणता येणार नाही. कारण रोजच्या भांडणात हा शब्द खरोखरच शिवीसारखा फेकला जातो.

त्यातही 'नकळत' या विशेषणात एक सापळा आहे. "तुझ्यात पूर्वग्रह आहे." "नाही रे." "बघ, तुला कळतही नाही, हाच तर पुरावा!" आता बोला. हो म्हणालात तर दोषी, नाही म्हणालात तर जास्तच दोषी. ज्या आरोपातून निर्दोष सुटायला दारच नाही, त्यावर वाद होऊ शकत नाही. ती फक्त कोंडी होते.

उलटा सापळाही असतो

आता लगेच खूश होऊ नका. याच गोष्टीचा दुसरीकडूनही गैरवापर होतो. कुणी साधं म्हटलं, की या धोरणाचा काळ्या वस्त्यांवर जास्त परिणाम होतोय, आकडे बघा. की लगेच उत्तर येतं, "म्हणजे मी रेसिस्ट आहे म्हणता?" आकडे बाजूला आणि दुखावलेला मान पुढे. आरोप झालेलाच नसतो, पण झाल्याचा कांगावा करून प्रश्नातून सुटका करून घेतली जाते.

आणि दुखावलेल्या मानाला भाव असतो, अगदी रोख रकमेत. विल्सन यांच्या आरोळीनंतर काही दिवसांतच त्यांच्याकडे दहा लाख डॉलरहून जास्त देणग्या जमल्या. त्यांच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या उमेदवाराकडेही तेवढ्याच वेळात दहा लाखांच्या वर गेल्या. आरोप करणाऱ्यांचाही धंदा झाला, आरोप सोसणाऱ्याचाही. तोटा झाला तो ज्यांना विमा नव्हता त्यांचा, कारण त्यांच्याबद्दल त्या आठवड्यात कुणी फारसं बोललंच नाही.

उत्तर न मिळालेला प्रश्न जातो कुठे?

यासाठी जरा ब्रिटनमध्ये जाऊया. एप्रिल २०१०, निवडणुकीचा प्रचार. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन रॉचडेल गावात एका ६५ वर्षांच्या बाईंशी बोलतात. बाई आयुष्यभर ब्राउन यांच्याच मजूर पक्षाला मत देणाऱ्या. त्या देशावरच्या कर्जाबद्दल विचारतात, पेन्शनवरच्या कराबद्दल विचारतात, आणि पूर्व युरोपातून येणाऱ्या लोंढ्यांबद्दलही विचारतात. ब्राउन हसून निरोप घेतात, गाडीत बसतात, आणि कोटाला लावलेला माइक चालू आहे हे विसरून त्यांना 'बिगटेड' म्हणतात. म्हणजे कोत्या, पूर्वग्रहदूषित मनाची बाई. काही तासांत सगळ्या देशाने ते ऐकलं. ब्राउन यांनी जाहीर माफी मागितली, त्यांच्या घरीही जाऊन आले.

बाईंच्या मनात पूर्वग्रह होता की नाही, हे आपल्याला ठरवता येत नाही. पण त्यांच्या प्रश्नामागे एक खरी घडामोड होती. २००४ मध्ये पूर्व युरोपातले देश युरोपीय संघात आले, तेव्हा ब्रिटनने त्यांच्या कामगारांना लगेच दार उघडलं. जर्मनी, फ्रान्स यांनी तेव्हा उघडलं नव्हतं. वर्षाला ५ ते १३ हजार लोक येतील असा सरकारी अंदाज होता. प्रत्यक्षात आले त्याच्या कितीतरी पट. यावर सरकारकडे बाजू मांडण्यासारखं बरंच होतं. आलेले लोक काम करतात, कर भरतात. पण गाडीत बसून दिलेल्या त्या एका विशेषणाने उत्तर देण्याची जागाच खाऊन टाकली. सहा वर्षांनी, २०१६ च्या सार्वमतात, रॉचडेलने मोठ्या फरकाने युरोपीय संघ सोडायच्या बाजूने मत दिलं. एका शब्दामुळे ब्रेक्झिट झालं असं कुणी म्हणणार नाही. पण उत्तर न मिळालेले प्रश्न विरून जात नाहीत, ते मतपेटीत जाऊन बसतात.

मनात न डोकावता पुरावा

मग भेदभाव कधी सिद्धच करता येत नाही का? येतो की! आणि त्यासाठी कुणाच्या मनात शिरावं लागत नाही.

२००४ मध्ये मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लयनाथन यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. बॉस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सुमारे ५००० बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखीच. फरक फक्त नावात. काही नावं गोऱ्यांची वाटणारी, एमिली, ग्रेग अशी. काही काळ्यांची वाटणारी, लकीशा, जमाल अशी. गोऱ्या नावांना साधारण १० अर्जांमागे एक बोलावणं आलं. काळ्या नावांना १५ अर्जांमागे एक.

आपल्याकडेही असाच प्रयोग झालाय. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. भारतातल्या खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना ४८०८ अर्ज गेले. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश निघाली. मुस्लिम नावाची तर सुमारे एक-तृतीयांश. त्याच काळात दुसऱ्या अभ्यासकांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून पाहिलं. सगळे म्हणाले, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. आणि त्याच दमात सांगत होते, की मुलाखतीत घरची पार्श्वभूमी जरूर विचारतो.

यातल्या एकाही अधिकाऱ्याला जातीयवादी म्हणावं लागलं नाही. त्यातला प्रत्येक जण अगदी प्रामाणिकपणे स्वतःला निःपक्ष समजत असेल. तरी हिशेब समोर आहे. आणि हिशेब समोर असला की पुढचं बोलणं उपायाचं होतं. अर्जावरचं नाव झाकून बघूया का? मुलाखतीचे प्रश्न सगळ्यांना सारखे ठेवूया का?

आरोप करण्याआधी चार प्रश्न

तर पुढच्या वेळी फॅमिली ग्रुपवर, कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा एखाद्या रीलखाली हा शब्द बोटाशी आला, तर स्वतःला चार प्रश्न विचारा. आपण ते विल्सन यांनाच लावून बघू.

एक, नाव बदलून बघितलं तर? त्याच जागी दुसऱ्या रंगाचा, दुसऱ्या जातीचा माणूस ठेवा. वागणं बदलतं का? जन्मदाखल्याच्या प्रकरणात मॅकेन यांचं नाव ठेवलं की फरक ढळढळीत दिसतो. विल्सन यांच्या आरोळीत तेवढा ठामपणे दिसत नाही.

दोन, मी कृतीबद्दल बोलतोय की मनाबद्दल? अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने १५ सप्टेंबर २००९ रोजी विल्सन यांच्या वागण्याबद्दल २४० विरुद्ध १७९ मतांनी नापसंतीचा ठराव केला. त्या ठरावात वंशाचा उल्लेख नाही. तुम्ही सभागृहाची शिस्त मोडलीत, एवढंच आहे. ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं होतं, त्यामुळे नाकारायला जागाच नव्हती.

तीन, हे एकदाच घडलं की वारंवार? झेंड्याच्या बाजूचं मत संशयाला बळ देतं, हे मान्य. म्हणून त्या मताबद्दल विल्सन यांना जाब विचारणं रास्त आहे. पण जाब त्या मताबद्दल विचारावा. दोन शब्दांत तिसरा शब्द ऐकून विचारू नये.

चार, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. मी त्याच्या मुद्द्याला उत्तर दिलं का? विल्सन यांची आरोळी असभ्य होती, पण तिच्यामागे दावा होता. विधेयकाच्या मसुद्यात बेकायदा स्थलांतरितांना सरकारी मदत देऊ नये असं स्पष्ट कलम होतं. म्हणजे ओबामा खोटं बोलत नव्हते. रिपब्लिकनांचा आक्षेप असा, की कागदपत्रं तपासायची पक्की सोय त्यात नाही. यावर बोलता येत होतं. आणि पुढे २३ मार्च २०१० रोजी कायदा झाला, तेव्हा अशा स्थलांतरितांना सरकारी विमा बाजारात स्वतःच्या पैशानेही विमा घेता येणार नाही अशी तरतूद त्यात होती. ही तरतूद योग्य की निष्ठुर? लाखो माणसांच्या औषधपाण्याचा हा प्रश्न. खरा वाद इथे व्हायला हवा होता.

जाता जाता, आपल्या माणसांबद्दल

हे सगळं 'त्यांचं' आहे असं वाटत असेल, तर २०२३ चं कॅलिफोर्निया आठवा. तिथे आयटीत काम करणारी मराठी कुटुंबं भरपूर आहेत. जातीवरून भेदभाव करण्यावर स्पष्ट बंदी घालणारं विधेयक तिथल्या विधिमंडळात आलं आणि भारतीय समाजात उभी फूट पडली. विरोध करणारा तो जातीयवादी, पाठिंबा देणारा तो हिंदूद्वेष्टा, अशी दोन लेबलं तयार होती. खरे प्रश्न वेगळे होते. आधीच्या कायद्यात जात येते की नाही? तक्रार करणाऱ्या दलित कर्मचाऱ्याने दाद कुठे मागायची? नव्या शब्दामुळे एकाच समाजाकडे बोट दाखवलं जाईल का? ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ते विधेयक नाकारलं. सध्याच्या कायद्यांतच अशा भेदभावाला बंदी आहे, असं कारण त्यांनी दिलं. ते कारण पुरेसं आहे का, यावर वकील अजून वाद घालू शकतात. लेबलं लावून झाल्यावर घरच्या गणपतीत एकमेकांकडे न जाणाऱ्यांना तो घालता येत नाही.

वर्णद्वेष आहे, जातद्वेष आहे. तो मोजता येतो, दाखवता येतो, आणि दिसला तिथे नाव घेऊन बोललंच पाहिजे. म्हणूनच तो शब्द स्वस्त करून चालत नाही. प्रत्येक मतभेदावर तो खर्च केला, तर ज्या दिवशी नाकात हाड खुपसलेलं चित्र समोर येईल, त्या दिवशी आपल्या हातात शब्दच उरणार नाही. उरला तरी ऐकणारा म्हणेल, हे तर रोजचंच आहे.

तर हा होता आजचा भाग. तुमच्या एखाद्या वादाला हे चार प्रश्न लावून बघा आणि काय झालं ते आम्हाला व्हॉइस नोटवर कळवा. मतभेद असतील तर जरूर कळवा. आमच्या मनात काय आहे ते सोडून आमच्या मुद्द्यावर बोलाल, तर जास्त आनंद होईल. भेटूया पुढच्या भागात!